स्मरणिका समितीचा फुटबॉल

महाराष्ट्रात एखाद्या संस्थेला पन्नास वर्षं झाली की तिने काय काम केलं हे कुणी विचारत नाही, स्मरणिका कधी काढता एवढंच विचारतात. पतसंस्था बुडालेली असो, वाचनालयातली पुस्तकं वाळवीने वाचून संपवलेली असोत, स्मरणिका निघतेच. पहिल्या पानावर पालकमंत्र्यांचा शुभसंदेश, त्यात संस्थेचं नाव चुकलेलं. शेवटची तीस-चाळीस पानं कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर, बँड पथक आणि मंगल कार्यालय यांच्या हार्दिक शुभेच्छांची. मध्ये तीन-चार पानं उरतात. तिथे ‘संस्थेचा इतिहास’ घालायचा असतो आणि त्यासाठी गावातला असा माणूस शोधतात, ज्याला मराठी लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही. कारंजा लाडमध्ये हा शोध माझ्या घरापाशी संपला.

संस्था म्हणजे गावातला हौशी फुटबॉल संघ. संघाचं नाव मी लिहीत नाही. त्या नावावरूनच संघात दोन तट आहेत आणि माझा सकाळचा चहा एका तटाच्या हॉटेलात होतो, संध्याकाळचा दुसऱ्याच्या. संघाची थोरवी थोडक्यात सांगायची तर लीगचा सर्वांत खालचा गट जिथे संपतो, तिथून पुढे आमचा संघ सुरू होतो.

कारंजा हे इतिहासाच्या बाबतीत काही गरीब गाव नाही. नृसिंहसरस्वतींचं हे जन्मस्थान, गुरुमंदिरात बारा महिने भाविकांची गर्दी. गावाला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी. कस्तुरी लादून आलेल्या उंटांचा सगळा माल इथल्या एका सावकाराने एकरकमी घेतला आणि हवेलीच्या चुन्यात कालवला, ही कथा आमच्याकडची पोरं बाराखडीच्या आधी शिकतात. इथल्या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या शतकानुशतकं जपून ठेवल्या गेल्या. प्रा. हीरालाल जैन यांनी त्या अभ्यासकांपुढे आणल्या, आणि प. ल. वैद्यांनी संपादलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतच छापून निघालं. कवी दहाव्या शतकातला. अशा गावात पन्नास वर्षांची गोष्ट इतिहास होत नाही, फार तर कालचा पेपर होते. आणि तरीही गंमत बघा, हजार वर्षांपूर्वीच्या कवीचा शब्द न् शब्द इथे सापडतो, पण फुटबॉल संघाच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त सापडत नाही.

त्यामुळे पन्नास वर्षं मोजायची कुठून, इथेच समितीची पहिली बैठक अडली. एक निवृत्त तलाठी काका म्हणाले, मी अकोल्याहून चामड्याचा बॉल आणला त्या दिवशी संघ स्थापन झाला. खजिनदार काका म्हणाले, वर्गणीची पहिली पावती फाडली तो दिवस धरा.

“काहून बे, बॉल आल्याबिगर संघ कसा होईन?”

“अन् वर्गनी केल्याबिगर बॉल कसा येईन? तुह्या बापानं देल्ला का फुकट?”

दोघंही सत्तरीच्या पुढचे. मोठमोठ्या दर्शनकारांना न सुटलेला हा प्रश्न चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत रंगला. शेवटी पीटीचे सर उठले. त्यांचं म्हणणं, संघ स्थापन होतो तो पहिल्या पराभवाच्या दिवशी, कारण त्याच दिवशी समोरच्या गावाला कळतं की असा काही संघ आहे. सरांकडे पुरावाही होता. आपल्याला हरवून शेजारच्या गावाने जी ढाल नेली, ती त्यांच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात अजून आहे आणि तिच्यावर साल कोरलेलं आहे. आमच्या संघाच्या इतिहासाचं तोवर माहीत असलेलं एकमेव लेखी साधन हे असं दुसऱ्याच्या कपाटात. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिहास जेते लिहितात असं म्हणतात. आमच्याबाबतीत त्यांनी तो लिहिला एवढंच नव्हे, पॉलिशही करून ठेवला, याबद्दल आभाराचा ठराव मात्र नामंजूर झाला.

मग प्रश्न आला, फुटबॉल कारंज्यात आलाच कसा? नागपूरकडचं सोपं आहे. कामठीला इंग्रजांची छावणी होती, पलटणी खेळायच्या, बघणारे शिकले, आणि कामठीच्या रब्बानी क्लबसारखी नावं नागपूरच्या लीगमध्ये मानाने घेतली जाऊ लागली. आमच्याकडे छावणी नव्हती, कापूस होता. तो विलायतेला पोचवायला मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची लाइन टाकली गेली, किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखालची. तीच आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत त्याने इमानाने गाडी ओढली. म्हणजे विचार करा, आम्ही मँचेस्टरला कापूस पाठवत होतो आणि त्यांच्याकडे आम्हाला देण्याजोग्या दोन वस्तू होत्या, इंजिन आणि फुटबॉल. त्यांनी इंजिन पाठवलं आणि फुटबॉल ठेवून घेतला. सौदा कुणाला पडला ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

जुन्या खेळाडूंच्या आठवणींत सामना कमी आणि शकुंतलाच जास्त भेटते. गार्डच तिकिटं फाडायचा. गाडीचा वेग असा की डाव्या बाजूने उतरून, बोरीखाली थांबून, खिसे भरून पुढच्या डब्यात चढता यायचं. आमच्या संघाचा धावण्याचा सराव तेवढाच. मूर्तिजापूरला सामना असला की पोचेपर्यंत पलीकडचा संघ वाट बघून घरी गेलेला. त्यातले काही सामने आम्ही ‘जिंकलो’ असं तलाठी काका सांगतात, कारण मैदानावर हजर असलेला एकमेव संघ आमचा होता. त्यांनीही तो सामना तेवढ्याच प्रामाणिकपणे स्वतःच्या नावावर लावला असणार, कारण दिलेल्या वेळी हजर असलेला एकमेव संघ त्यांचा होता. आता शकुंतला बंद आहे आणि गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. नागपूरचा संघ सकाळी निघतो, आम्हाला हरवतो आणि संध्याकाळच्या आरतीला घरी असतो. पूर्वी हरायला आख्खा दिवस लागायचा. विकास म्हणतात तो हाच.

मैदानाबद्दल स्वतंत्र प्रकरण हवं, पण समितीने अर्धं पानच दिलं आहे. वऱ्हाडची काळी माती देवाने कापसासाठी केली, चेंडूचा विचार तिच्यात नाही. पावसाळ्यात ती बुटाला धरते, सोडत नाही. मध्यंतरापर्यंत प्रत्येकाच्या पायाला दीड-दोन किलो कारंजा लागलेलं असतं. नियमाप्रमाणे सामना सुरू होताना चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं लागतं. ‘सुरू होताना’ हे शब्द घालणाऱ्याने श्रावणातलं वऱ्हाड पाहिलेलं असावं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. भेग एवढी की त्यात पायाची टाच जाते, आणि मग खेळाडू नुसता उभा राहिला तरी प्रेक्षकांना वाटतं, काय मस्त बॉल अडवला. राहिला हिवाळा. पण हिवाळ्यात कापूस वेचणीला येतो, तूर येते, आणि त्यानंतर लग्नं येतात. लग्नाचा मांडव कुठे पडतो? मैदानावर. सभेचा मंच? मैदानावर. गणपतीचा देखावा, सर्कस, कृषी प्रदर्शन, सगळं तिथेच. प्रत्येक जण जाताना आपल्या बल्ल्या नेतो आणि खड्डे ठेवून जातो. आमचा उजवा विंगर गावात ड्रिब्लिंगसाठी नावाजलेला होता. तो प्रतिस्पर्ध्याला चुकवत नव्हता, मांडवाचे खड्डे चुकवत होता.

गोलपोस्टची उंची २.४४ मीटर आणि रुंदी ७.३२ मीटर, हे पुस्तकात आहे. आमच्याकडे दोन खांबांमधलं अंतर गोलकी ठरवायचा आणि तो ते स्वतःच्या तब्येतीला झेपेल एवढंच ठरवायचा. खांब लाकडाचे. त्यामुळे संघाचा मोसम कॅलेंडरवर पक्का होता, होळीपर्यंत. होळीच्या रात्री गोलपोस्ट जायचे. पुढच्या वर्षी नव्या खांबांसाठी वर्गणी काढताना सगळ्यांत जास्त चिडून बोलणारे दोघे-तिघे पुढच्या फळीतले असायचे, आणि आदल्या होळीला तेच पोट्टे गोलपोस्ट खांद्यावर घेऊन पळताना आख्ख्या गल्लीने पाहिलेले असायचे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलपोस्टपर्यंत त्यांचा पाय कधी पोचला नाही. आपल्या गोलपोस्टपर्यंत हात बरोबर पोचायचा.

एवढं लिहून झाल्यावर मला शंका आली की हे छापलं तर सुवर्णमहोत्सवाऐवजी शोकसभा घ्यावी लागेल. म्हणून नमुन्यादाखल मी इतर संघांचे इतिहास वाचायला घेतले, आणि थेट जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबपासून सुरुवात केली. इंग्लंडातला शेफिल्ड एफसी. स्थापना २४ ऑक्टोबर १८५७, म्हणजे इकडे दिल्ली पडून जेमतेम महिना झाला होता तेव्हा तिकडे नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोन गृहस्थ क्लब काढत होते. मला वाटलं, आता भव्य काहीतरी वाचायला मिळणार. निघालं काय? क्लबचं पहिलं कार्यालय बागेतल्या रोपांच्या काचघरात. म्हणजे आपल्या भाषेत नर्सरीत. दुसरी अडचण अशी की जगात दुसरा क्लबच नव्हता. खेळायचं कुणाशी? मग ते आपसांत खेळायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. या सामन्यांचे तपशील मिळाले नाहीत, पण लग्न झालेल्यांनी उशिरा येऊन लवकर जाण्याची परवानगी मागितली असणार, याबद्दल आमच्या समितीत दुमत नाही.

तीन वर्षांनी शेजारी हॅलम नावाचा क्लब निघाला आणि २६ डिसेंबर १८६० ला दोन क्लबांमधला पहिला सामना झाला. शेफिल्डने तो दोन गोलांनी जिंकला. १८६६ मध्ये हे लोक लंडनला खेळायला गेले आणि त्यांनी चेंडू डोक्याने मारला, तेव्हा लंडनचे लोक हसले म्हणे. हे वाचून पीटीच्या सरांना भरून आलं, कारण आमच्या सेंटर हाफने पहिल्यांदा हेडर मारला तेव्हाही लोक हसले होते. चेंडू त्याच्याच गोलात गेला होता, ही बाब सरांनी स्मरणिकेतून वगळायला सांगितली आहे.

पुढे १८८५ मध्ये इंग्लंडात खेळाडूंना पगार द्यायला परवानगी मिळाली. शेफिल्डवाले म्हणाले, आम्ही हौशी आहोत, हौशीच राहणार. बाणा उत्तम, पण परिणाम लगेच दिसू लागला. पगारी संघ त्यांना धोपटून काढू लागले. हौशींसाठी वेगळी स्पर्धा झाली, तिचा चषक त्यांनी १९०४ साली एकदाचा जिंकला, आणि त्यानंतर शंभर वर्षांत ते इंग्लिश फुटबॉलच्या पायऱ्या उतरत उतरत पार खाली येऊन बसले. २००१ मध्ये ते शेजारच्या ड्रॉनफिल्ड गावात गेले. मैदान एका पबच्या मागे आहे. २००४ मध्ये फुटबॉलच्या जागतिक महासंघाने स्वतःच्या शताब्दीनिमित्त दोन क्लबांना सन्मान दिला, एक रियाल माद्रिद आणि दुसरा हा. एकाचं स्टेडियम बघायला जगभरातून लोक तिकीट काढून येतात. दुसऱ्याचं सापडत नसेल तर गुत्त्यात विचारायचं.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट तर पुढेच आहे. पैशांची चणचण आली तेव्हा या क्लबने २०११ मध्ये आपल्या जुन्या वह्या लिलावात काढल्या. हाताने लिहिलेले खेळाचे नियम, इतिवृत्तं, असलंच सगळं. सदबीजच्या लिलावात त्यांना आठ लाख एक्क्याऐंशी हजार पौंड आले. मी हा आकडा समितीत वाचून दाखवला तेव्हा खजिनदार काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, “वह्यांचे? रद्दीच्या भावानं न्हाई न?”

त्या क्षणापासून आमच्या समितीचा इतिहासाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला.

इंग्लंड लांब पडतं म्हणून मी जवळचं उदाहरण घेतलं, कोल्हापूर. अख्ख्या महाराष्ट्राला क्रिकेटचा ताप आला असताना या एका शहराला फुटबॉलचा आहे. तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे, शाहू स्टेडियम आहे, आणि मूळच्या कुस्तीच्या तालमी आहेत ज्यांनी लाल मातीतून बाहेर येऊन चेंडूला लाथ मारली. मला त्यांच्या संघांची यादी फार आवडते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम. एका संघाचं नाव तर चक्क उत्तरेश्वर प्रासादिक वाचनालय. वाचनालयाने तालमीला दोन गोलांनी हरवलं, ही बातमी जगात फक्त कोल्हापूरच्या पेपरात येऊ शकते. बालगोपाल तालमीचे खेळाडू दाढीमिशीवाले आहेत. प्रॅक्टिस क्लब गेली कित्येक दशकं प्रॅक्टिसच करतो आहे असं परक्याला वाटावं, पण तो समोर आला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. नायजेरियाहून आलेला पोरगा इथे मोसमभर खेळतो आणि त्याला आपण कुठल्या पेठेचे हे आधी शिकवतात, ऑफसाइड मागाहून. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामना असला की पोलीस बंदोबस्त मैदानाच्या आत किती आणि बाहेर किती, यावर वेगळी बैठक होत असावी. दगडफेकीच्या बातम्या मीही वाचल्या आहेत, त्यांचं कौतुक नाही. पण माणूस आपल्या पेठेसाठी एवढा पेटतो, म्हणून त्या पेठेचा संघ खालच्या गटात घसरला तरी बंद पडत नाही. आपला संघ ‘ब’ गटात आहे हे सांगताना कोल्हापूरकर मान खाली घालत नाही, पुढच्या वर्षी बघा म्हणतो.

हा मंत्र मी कारंज्याला लागू करायचं ठरवलं. चार वेशी आहेत, चार संघ करा. दिल्ली वेस विरुद्ध दारव्हा वेस, काय नाव शोभतं! सूचना सगळ्यांना पटली. नंतर पंधरा मिनिटांत असं लक्षात आलं की चेंडू एकच आहे आणि तो कुठल्या वेशीच्या ताब्यात राहणार यावर एकमत होण्याची शक्यता पुढच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत नाही. सूचना ‘विचाराधीन’ ठेवली. संस्थेच्या भाषेत याचा अर्थ सूचना वारली, असा होतो.

पंच हे आणखी एक प्रकरण. नियम असा की एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करू नये. हा नियम ज्याने केला त्याला खालच्या फुटबॉलची खरी ओळख होती. बाकी सगळे नियम अकरा जणांचे आहेत, हा एक आमचा आहे. आमचे पंच सामन्याआधी मोजणी करत आणि सातवा सापडत नसेल तर प्रेक्षकांतून घेत. असे घेतलेले काही जण पुढे कर्णधार झाले. ऑफसाइडच्या बाबतीत मात्र पंचांची भूमिका स्वच्छ होती. नियम मला कळतो, पण तुम्हाला समजावून सांगत बसलो तर अंधार पडेल. आणि लाउडस्पीकरवरचा समालोचक हा मूळचा शंकरपटाचा. बैलजोडीची दौड काही सेकंदांत संपते, इथे नव्वद मिनिटं बोलायचं, म्हणून तो मधेमधे देणगीदारांची नावं घ्यायचा. एकदा गोल झाला तेव्हा तो एका बियाणे विक्रेत्याचे आभार मानत होता. गोल गावाला दुसऱ्या दिवशी कळला.

अलीकडचा काळ फार लिहिण्याजोगा नाही, अपवाद एका दिवसाचा. १५ सप्टेंबर २०१७. भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक होणार होता, त्याआधी राज्य सरकारने ठरवलं की एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत नवे कोरे चेंडू आले. त्या दिवशी तालुक्यात जो फुटबॉल झाला तसा आधी झाला नाही आणि नंतरही नाही. खेळ कसा झाला हे विचारू नका. चेंडू जिकडे, तिकडे सगळी शाळा. गोलकीही, आणि एक उत्साही शिक्षकही. संध्याकाळी एका शाळेत चेंडू धुतला, पुसला, जडसंग्रह नोंदवहीत चढवला आणि कपाटात कुलूपबंद केला. आता पोरांनी मागितला की उत्तर मिळतं, ऑडिट झाल्याशिवाय काढता येत नाही. पुढच्याच महिन्यात भारताचा संघ विश्वचषकात उतरला. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिन्ही सामने आपण हरलो, नऊ गोल खाल्ले आणि एक केला, जॅक्सन सिंगने कोलंबियावर. तो एक गोल पाहताना आमच्या चौकातल्या टीव्हीपुढे जो आरडाओरडा झाला, त्यावरून परगावच्या माणसाला वाटलं असतं की आपण चषक उचलला. पराभव पचवून एका गोलावर वर्षानुवर्षं जगणं आम्हाला नवं नव्हतं. देशाला ती सवय उशिरा लागली एवढंच.

नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या पोरांना चेंडू देऊन जे काम उभं केलं, त्यावर पुढे नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ काढला. समितीतल्या एका तरुणाने विचारलं, आपल्यावर सिनेमा निघेल का? खजिनदार काका म्हणाले, “निघन ना. पन इंटरव्हलपर्यंतच.”

या खजिनदार काकांविषयी लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. ते आयुष्यात फुटबॉल खेळले नाहीत. मैदानावर यायचे ते वर्गणी थकलेल्यांना पकडायला, कारण सामना चालू असताना खेळाडू पळून जाऊ शकत नाही. टचलाइनच्या आतच राहावं लागतं. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत वह्या. लाल कापडी बांधणीच्या, व्यापाऱ्याच्या वह्या असतात तशा. जी गोष्ट सापडत नाही म्हणून मी शेफिल्ड आणि कोल्हापूर फिरून आलो, ती गावातच होती, फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं. सगळे गोल मारणाऱ्यांच्या मुलाखती घेत होते.

वहीत काय आहे? ब्लॅडर एक नग. पंक्चर दोन. शिवणकाम, चर्मकाराला मजुरी. चुना, मैदान आखणीसाठी. लिंबं दोन डझन, साखर. बल्ल्या चार, आणि समासात बारीक अक्षरात ‘मागील होळीत गेल्या’. प्रवास, मूर्तिजापूर, अकरा तिकिटं. परतीची दहा, म्हणजे एक जण तिथेच राहिला. तो का राहिला हे तलाठी काकांना माहीत आहे, पण ते आता त्याचे व्याही आहेत आणि बोलायला तयार नाहीत. पंचांना नारळ व दुपट्टा. त्याच तारखेला खालच्या ओळीत, पंचांचा दवाखाना खर्च. पन्नास वर्षांत सामना कोण जिंकलं, गोल कुणी केला, एक ओळ नाही. गोलाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो नोंदलेला नाही. पण मी ती वही दोनदा वाचली आणि मला सामना दिसला, खेळाडू दिसले, कोण वर्गणी बुडवायचा आणि कोण दुसऱ्याचीही भरायचा ते दिसलं. मोठ्या क्लबांचा इतिहास चषकांच्या कपाटात असतो. खालच्या फुटबॉलचा इतिहास किरकोळ खर्चात असतो, आणि तो ज्याने लिहिला तो माणूस बहुतेक वेळा चेंडूला पायही न लावलेला असतो. शेफिल्डलाही लाखो पौंड आले ते कुणाच्या गोलाचे नव्हते, नीट ठेवलेल्या वह्यांचे होते.

समितीत आता नवा पेच आहे. अर्ध्या लोकांचं म्हणणं वह्या छापाव्यात. उरलेल्या अर्ध्यांची नावं थकबाकीदारांच्या यादीत आहेत. मी स्वतः छापण्याच्या बाजूचा आहे आणि माझी वर्गणी भरलेली आहे, पावती दाखवू शकतो.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. कारंज्यात असा किंवा कारंज्यातून पुण्या-मुंबईला, नागपूर-अमरावतीला गेलेले असा, घराच्या माळ्यावर संघाचा एखादा फोटो, पावती, जर्सी, फाटका चेंडू काहीही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका, स्मरणिका समितीकडे पाठवा. फोटोच्या मागे नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, आणि पाठीमागच्या रांगेत अर्धा कापला गेलेला माणूस कोण हे आवर्जून लिहा, कारण आतापर्यंत पाच जणांनी तो मीच म्हणून सांगितलं आहे. शेवटून दुसऱ्या पानावर अर्ध्या पानाची जाहिरात अजून शिल्लक आहे.